चार मिलिमीटर आणि लेव्हल थ्री

"४ मिलिमीटरची टेस्ट कुठे आहे?"

असेसरने, म्हणजे आमच्या कामाची पद्धत तपासायला आलेल्या परीक्षकाने, विचारलं ते एवढंच. आवाज चढवला नाही, वहीत काही लिहिलंही नाही. २०१९ चा फेब्रुवारी, हिंजवडीतल्या आमच्या ऑफिसची कॉन्फरन्स रूम, पडद्यावर आमचीच रिक्वायरमेंट (सॉफ्टवेअरने काय करायचं याची लेखी अट) उघडलेली आणि लॅपटॉपपाशी आमचा टेस्टर, कागलकडचा पोरगा. त्याने माझ्याकडे बघितलं. मी एसीच्या रिमोटकडे बघितलं.

आम्ही गाडीच्या दाराची काच वर-खाली करणाऱ्या मोटरचं सॉफ्टवेअर लिहायचो. गिऱ्हाईक जर्मन. काच आपोआप वर जात असताना मध्ये बोट, हात किंवा लहान मुलाचं डोकं आलं तर ती थांबून उलटी फिरली पाहिजे. युरोपात त्यासाठी आर-२१ नावाचा नियम आहे. काच आणि चौकट यांच्यातली फट २०० मिलिमीटरपासून ४ मिलिमीटरपर्यंत असेल, तेव्हा अडकलेल्या वस्तूवर १०० न्यूटनपेक्षा जास्त जोर पडण्याआधी काच मागे फिरायला हवी. १०० न्यूटन म्हणजे अंदाजे दहा किलोच्या पिशवीचा भार. हा नियम आमच्या रिक्वायरमेंटमध्ये शब्दशः होता. रिक्वायरमेंटपासून ती तपासणाऱ्या टेस्टपर्यंत लिंकही होती. एक नाही, तीन होत्या: १० मिलिमीटर, ५० मिलिमीटर, १५० मिलिमीटर.

"लिंक दिलीय की, मॅडम," टेस्टर मला हळूच मराठीत म्हणाला.

लिंक होती. ४ नव्हता.

हे का झोंबलं ते सांगायचं तर सात वर्षं मागे जावं लागेल. २०१२ मध्ये आमच्या कंपनीने सीएमएमआयची, म्हणजे कंपनीची कामाची पद्धत किती पक्की आहे हे एक ते पाच पायऱ्यांत मोजणाऱ्या मॉडेलची, लेव्हल थ्री मिळवली होती आणि ती मिळवणाऱ्या चमूत मी होते. प्रोसेस ग्रुपमध्ये तेव्हा आम्ही चौघं. आवृत्ती १.३. लेव्हल थ्रीसाठी अठरा प्रोसेस एरिया (कामाची क्षेत्रं) दाखवाव्या लागायच्या, सात लेव्हल टूच्या आणि अकरा थ्रीच्या. प्रत्येकीत प्रॅक्टिसेस, प्रत्येक प्रॅक्टिसला पुरावा. त्या पुराव्यांची एक अवाढव्य एक्सेल शीट असायची. ओळीत प्रॅक्टिस, रकान्यात प्रोजेक्ट, खान्यात फाइलची लिंक. खाना भरला की हिरवा, रिकामा असला की लाल. वर्षभर मी त्या शीटमध्ये राहिले असं म्हटलं तरी चालेल. दिवाळीच्या फराळाचा डबासुद्धा मी तिच्यासमोरच उघडला होता.

प्रोजेक्ट चार होते, आणि ते आमचे आम्हीच निवडून सुचवले होते. नियमात राहून, पण जे आधीच नीटनेटके होते तेच. घरी पाहुणे येणार म्हटल्यावर माणूस त्यांना दिवाणखान्यात बसवतो, माळ्यावर नाही. मुलाखतींची रंगीत तालीम झाली. "मी असं करतो" म्हणू नका, "आमच्या प्रोसेसमध्ये असं आहे" म्हणा, हे मीच सगळ्यांना शिकवलं. क्वालिटी पॉलिसी वॉशरूमच्या आरशाशेजारी चिकटवली होती, दात घासतानाही पाठ व्हावी म्हणून.

एक गोष्ट कबूल करते. त्या दिवसांत काही शनिवारी आम्ही ऑफिसात येऊन मागच्या तारखांची रिव्ह्यू रेकॉर्ड्स भरली. रिव्ह्यू झालेच नव्हते असं नाही. झाले होते, दोघं मॉनिटरसमोर उभे राहून बोलले होते, चुका सापडून दुरुस्तही झाल्या होत्या. फक्त लिहिलेलं नव्हतं. आम्ही ते आठवून लिहिलं. त्यामुळे प्रत्येक रिव्ह्यू बरोबर तीस मिनिटांचा झाला आणि प्रत्येकात तीन चुका निघाल्या: दोन किरकोळ, एक मध्यम. आज ती शीट उघडली तर हसू येतं. तेव्हा मात्र आम्ही पेढे वाटले, आणि रिसेप्शनवर काचेच्या चौकटीत सर्टिफिकेट लागलं.

तरीही सीएमएमआयने आम्हाला काही दिलं नाही असं मी म्हणणार नाही. त्याआधी आमच्याकडे प्रत्येक टीमलीडची वेगळी पद्धत होती. एकाचा कोड सर्व्हरवर, दुसऱ्याचा स्वतःच्या लॅपटॉपवर, तिसऱ्याचा दोन्हीकडे आणि दोन्ही वेगवेगळे. लेव्हल टूच्या तयारीत कॉन्फिगरेशन मॅनेजमेंट आलं आणि "फायनल_नवीन_खरंच फायनल" छाप फोल्डर गेले. अंदाजपत्रकं मागच्या प्रोजेक्टचे आकडे बघून व्हायला लागली. हा फायदा खरा होता आणि टिकला.

या मॉडेलांचा उगमही मला तेव्हाच प्रशिक्षणात कळला. अमेरिकन हवाई दलाला प्रश्न पडला होता की सॉफ्टवेअर करून देणाऱ्या कंत्राटदारांपैकी कोणावर भरवसा ठेवायचा. पिट्सबर्गच्या कार्नेगी मेलन विद्यापीठात संरक्षण खात्याच्या पैशातून १९८४ मध्ये सॉफ्टवेअर इंजिनिअरिंग इन्स्टिट्यूट निघाली होती. वॉट्स हम्फ्री आयबीएममधली सत्तावीस वर्षांची नोकरी संपवून १९८६ मध्ये तिथे गेले, आणि त्यांच्या कामातून सीएमएमआयच्या मुळाशी असलेलं पाच पायऱ्यांचं मॉडेल उभं राहिलं. पायऱ्यांची कल्पना त्याहून जुनी. फिलिप क्रॉस्बी यांनी १९७९ मध्येच कारखान्यांतल्या गुणवत्तेसाठी पाच टप्प्यांचा तक्ता मांडला होता. अनिश्चितता, जाग, ज्ञान, शहाणपण आणि शेवटी खात्री. आपल्याला हे नवं वाटायचं कारण नाही. बद्ध, मुमुक्षू, साधक, सिद्ध या पायऱ्या आपण शाळेपासून ऐकत आलो. फरक एवढाच की आपल्याकडे सिद्ध झाल्याचं सर्टिफिकेट दर तीन वर्षांनी नवं करून घ्यावं लागत नाही.

मुद्दा असा की हे मॉडेल जन्मालाच आलं ते विकत घेणाऱ्याच्या सोयीसाठी. कंत्राट कोणाला द्यायचं, या प्रश्नाचं उत्तर एका आकड्यात हवं होतं. भारतीय आयटी कंपन्यांनी नव्वदच्या दशकात हा आकडा बरोबर हेरला. परदेशातला माणूस आपल्याला ओळखत नाही, पण लेव्हल फाइव्ह त्याला कळते. त्यात गैर काही नाही. पण आकडा विकायला ठेवला की घरातली माणसंही आकड्यासाठीच काम करायला लागतात. मी त्यातलीच एक होते.

२०१८ च्या मध्यावर जर्मन गिऱ्हाइकाने कळवलं की पुढच्या सॅम्पलच्या आधी ऑटोमोटिव्ह स्पाइसचं असेसमेंट होईल, लेव्हल टू अपेक्षित आहे. गाड्यांचं सॉफ्टवेअर करणाऱ्यांची कामाची पद्धत मोजणारं हे मॉडेल, आम्ही ए-स्पाइस म्हणायचो. त्याची मुळं आयएसओच्या १५५०४ या मानकात. जर्मन गाडी कंपन्यांनी आपल्या पुरवठादारांना मोजण्यासाठी ते उचलून धरलं, आणि आज ते सांभाळते ती जर्मन वाहन उद्योगाच्या संघटनेची गुणवत्ता शाखा. आमच्या वेळी ३.१ ही आवृत्ती होती, नोव्हेंबर २०१७ ची.

आमचे डिलिव्हरी हेड मीटिंगमध्ये म्हणाले, "आपण थ्री आहोत, ते टू मागतायत. मग प्रश्न काय आहे?"

मीही मान हलवली. आणि बसले शीट करायला. डावीकडे ए-स्पाइसच्या प्रोसेस, उजवीकडे सीएमएमआयच्या. सॉफ्टवेअर रिक्वायरमेंटसमोर आमची रिक्वायरमेंट डेव्हलपमेंट आणि रिक्वायरमेंट मॅनेजमेंट. आर्किटेक्चर आणि डिटेल डिझाइनसमोर टेक्निकल सोल्युशन. इंटिग्रेशन टेस्टसमोर प्रॉडक्ट इंटिग्रेशन. चेंज रिक्वेस्टसमोर कॉन्फिगरेशन मॅनेजमेंटचा एक तुकडा. दोन दिवसांत शीट हिरवीगार झाली. अशी तुलना करणारे तक्ते बरेच फिरत असतात, आणि कागदावर ते चूकही नसतात. दोन्ही मॉडेलांत ट्रेसेबिलिटी (रिक्वायरमेंटपासून टेस्टपर्यंतचा माग) आहे, रिव्ह्यू आहेत, बेसलाइन (मंजूर करून गोठवलेली आवृत्ती) आहे. नावं फिरवली की जुळतात.

जुळत नाही ते मोजमाप. सीएमएमआयच्या लेव्हलमध्ये सगळ्या संस्थेला मिळून एक आकडा. ए-स्पाइसमध्ये संस्थेला आकडाच नाही. एक प्रोजेक्ट घ्यायचा आणि त्यातल्या प्रत्येक प्रोसेसला स्वतंत्र आकडा द्यायचा, शून्य ते पाच. तुमची आर्किटेक्चर दोनवर असू शकते आणि युनिट टेस्टिंग शून्यावर. सीएमएमआयलाही अशी प्रत्येक प्रोसेस एरियाला वेगळं मोजण्याची कंटिन्युअस पद्धत होती, पण आमच्या ओळखीत ती कोणी वापरलेली मी बघितली नाही. रिसेप्शनच्या भिंतीवर तक्ता टांगत नाहीत, आकडा टांगतात.

दुसरं म्हणजे एन, पी, एल, एफ. प्रत्येक गोष्ट किती साध्य झाली त्याची चार अक्षरं: १५ टक्क्यांपर्यंत एन, ५० पर्यंत पी, ८५ पर्यंत एल, त्यावर एफ. लेव्हल वन हवी तर कामाचा मूळ उद्देश निदान एल इतका साध्य व्हायला हवा. लेव्हल टू हवी तर तो मूळ उद्देश एफ, आणि त्यावर नियोजन-देखरेख आणि कामातून निघणाऱ्या कागदपत्रांचं व्यवस्थापन निदान एल. म्हणजे लेव्हल टूवर आधी खालचा मजला पूर्ण बांधलेला लागतो. आमच्या मनात मात्र "थ्री म्हणजे टूच्या वर" हे शाळेतल्या इयत्तेसारखं बसलं होतं. दोन वेगळ्या फूटपट्ट्या, दोन्हींवर आकडे सारखेच छापलेले.

असेसमेंट पाच दिवसांचं होतं. लीड असेसर जर्मन, सोबतीला बेंगळुरूहून आलेली एक असेसर. पहिल्या दिवशी मी माझी हिरवी शीट दाखवायला घेतली. दोघांनी सौजन्याने तीन मिनिटं ऐकलं. मग तो म्हणाला, "छान. आता एक रिक्वायरमेंट उघडा." कोणती, ते त्याने सांगितलं. आम्ही नाही.

आणि पाचही दिवस तेच चाललं. एक धागा पकडायचा आणि ओढत जायचा. गिऱ्हाइकाची रिक्वायरमेंट, तिच्यातून सॉफ्टवेअरची, तिच्यातून आर्किटेक्चरमधला ब्लॉक, मग फंक्शन, मग युनिट टेस्ट, इंटिग्रेशन टेस्ट, शेवटी पूर्ण सॉफ्टवेअरची टेस्ट. आणि उलटा प्रवास. ए-स्पाइसच्या त्या ३.१ आवृत्तीत लिंक असणं आणि लिंकच्या दोन्ही टोकांचा अर्थ जुळणं या दोन वेगळ्या प्रॅक्टिसेस होत्या. पहिलीत आम्ही पास होतो. दुसरीसाठी कोणीतरी दोन्ही टोकं वाचावी लागतात, आणि ती आमच्याकडे कोणी वाचलीच नव्हती. लिंक देणं हे काम एका ट्रेनीला दिलेलं होतं, दिवसाला चाळीस लिंक या हिशेबाने. हिशेबही मीच ठरवला होता.

तर ४ मिलिमीटरची टेस्ट नव्हती. "का नाही?" असेसरने विचारलं.

टेस्टरने खरं काय ते सांगून टाकलं. मुलाखतीची तालीम मी यावेळीही घेतली होती. ती तो विसरला, हे आमचं नशीब. काच वरच्या रबरी सीलमध्ये शिरते तेव्हा घर्षण वाढतं. मोटरला वाटतं काहीतरी अडकलंय आणि काच उगाच खाली येते. म्हणून शेवटच्या पट्ट्यात अडथळा ओळखणं बंद ठेवतात. नियमाप्रमाणे तो पट्टा ४ मिलिमीटरच्या आतला. "पण सर, आपल्याकडे तो ६ आहे. ४ वर टेस्ट केली तर फेलच होते. म्हणून १० पासून घेतल्यात."

खोलीत कोणी काही बोललं नाही.

सहा कुठून आला? मागच्या हिवाळ्यात जर्मनीत सॅम्पलच्या चाचण्या चालू होत्या. थंडीत रबर कडक होतं, घर्षण वाढतं, काच बंदच होईना. तिथल्या इंजिनिअरने आमच्या डेव्हलपरला फोन केला. डेव्हलपरने एका पॅरामीटरमध्ये ४ चे ६ केले, फाइल मेलने पाठवली, काच बंद झाली, सगळे खूश. चेंज रिक्वेस्ट नाही, परिणामांचा विचार नाही, रिक्वायरमेंटला हात नाही. पॅरामीटर फाइल बेसलाइनमध्ये बिनबोभाट शिरली. तिच्या रिव्ह्यूचं रेकॉर्ड मात्र होतं. तीस मिनिटं, तीन चुका.

बेंगळुरूच्या असेसरने ते रेकॉर्ड बघितलं, मग फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन शेवटचा बदल कधी झाला ती तारीख बघितली. शनिवार होता. ती काही बोलली नाही. बाईमाणसाने बाईमाणसाकडे बघावं तसं एकदा बघितलं फक्त.

निकाल शुक्रवारी दुपारी. आर्किटेक्चर, डिझाइन आणि प्रोजेक्ट मॅनेजमेंट लेव्हल टू. रिक्वायरमेंट आणि शेवटच्या टेस्टिंगला एल, म्हणजे लेव्हल वन. चेंज रिक्वेस्ट मॅनेजमेंटला पी. आणि पी म्हणजे लेव्हल झीरो. डिलिव्हरी हेडनी दोनदा विचारलं, "झीरो म्हणजे? टूच्या आधीचं वन ना?" झीरो म्हणजे झीरो, सर. रिसेप्शनवरच्या चौकटीत तेव्हाही थ्री होता.

त्या रात्री वाकडच्या पुलाखाली ट्रॅफिकमध्ये बसून मी सीएमएमआयला शिव्या घालत होते. दुसऱ्या दिवशी जुनं पुस्तक काढून बघितलं. रिक्वायरमेंट मॅनेजमेंटमध्ये दुतर्फा ट्रेसेबिलिटी ठेवा ही प्रॅक्टिस तिथेही आहे, आणि तिच्या लगेच खाली प्रोजेक्टचं काम रिक्वायरमेंटशी जुळतं आहे याची खात्री करा, हीसुद्धा. म्हणजे मॉडेलने सांगितलं होतं. आम्ही त्याला मॅट्रिक्स दाखवलं, त्याने मॅट्रिक्स बघितलं. अठरा एरिया, चार प्रोजेक्ट, ठरलेले दिवस. एवढ्या रुंदीत खोल कुठे जाणार? ए-स्पाइसने एकच विहीर निवडली आणि तळाचा गाळ काढला. पण तेही एकाच विहिरीचं. शेजारच्या प्रोजेक्टमध्ये काय चाललं होतं हे त्या पाच दिवसांत कोणी विचारलं नाही, आणि तिथे याहून वाईट होतं, हे मला माहीत होतं.

दुरुस्तीला आठ महिने लागले. कंटाळवाणे आठ महिने, त्याचं फार वर्णन करत नाही. ६ चा परत ४ झाला, त्यासाठी तापमानानुसार जोराची मर्यादा बदलणारा तक्ता सॉफ्टवेअरमध्ये आला, आणि यावेळी त्याची चेंज रिक्वेस्ट होती. डेव्हलपर कुरकुरला, "एका आकड्यासाठी अकरा फील्ड भरायचे?" आम्ही ते पाच केले. ही माझ्या मते त्या वर्षातली सगळ्यात चांगली सुधारणा, आणि तिचा उल्लेख कुठल्याच रिपोर्टमध्ये नाही. लिंक देण्याचं काम ट्रेनीकडून काढून रिक्वायरमेंट लिहिणारा आणि टेस्टर या दोघांना शेजारी बसवलं. दिवसाला चाळीस नाही, जेमतेम बारा व्हायच्या. पण भांडणं व्हायची, आणि त्या भांडणांत आणखी सात-आठ "६ मिलिमीटर" सापडले. काही हास्यास्पद, दोन गंभीर.

काही गोष्टी सुधारल्याही नाहीत. युनिट टेस्टची नाटकं चालूच राहिली: कव्हरेज (टेस्टमध्ये किती कोड चालला ते) शंभर टक्के, आणि टेस्टमध्ये तपासलेलं काहीच नाही, नुसतं फंक्शन बोलावून सोडून दिलेलं. दुसऱ्या असेसमेंटमध्ये ते निसटलं. आम्हाला हव्या त्या सगळ्या प्रोसेसना टू मिळाली आणि मी पेढे वाटायला नकार दिला. त्यावरून डिलिव्हरी हेड माझ्यावर महिनाभर नाराज होते.

लोक आता विचारतात, दोन्हीत चांगलं कोणतं? पन्नास प्रोजेक्ट असलेल्या आणि प्रत्येकात वेगळा कारभार असलेल्या कंपनीला मी आजही सीएमएमआयकडे बघायला सांगेन, आणि भिंतीसाठी नाही, लेव्हल टूच्या साध्या शिस्तीसाठी. २०१८ च्या २.० आवृत्तीपासून नमुन्याचे प्रोजेक्ट कंपनीला मनासारखे निवडता येत नाहीत, ते यादृच्छिक पद्धतीने ठरतात. दिवाणखान्याची सोय गेली, हे बरंच झालं. गाडीचे सुटे भाग करणाऱ्याला मात्र निवड नाहीच. गिऱ्हाईक ए-स्पाइस मागतं, आता तर ४.० ही आवृत्ती. दोन्ही एकत्र करणाऱ्यांना एकच विनंती: ती तुलनेची हिरवी शीट करू नका. केलीत तर असेसरला दाखवू नका.

पुढे मी पाच दिवसांचा कोर्स करून, परीक्षा देऊन स्वतः असेसर झाले. प्रोव्हिजनल, म्हणजे लर्निंग लायसन्सवाली. पहिल्याच असेसमेंटला दुसऱ्या शहरातल्या एका छोट्या कंपनीत गेले. समोर एक तरुण मुलगा, पडद्यावर रिव्ह्यूचं रेकॉर्ड. तीस मिनिटं. तीन चुका: दोन किरकोळ, एक मध्यम. मी त्याला फाइलच्या प्रॉपर्टीज उघडायला सांगितल्या. शनिवार, रात्रीचे पावणेबारा.

"हे कोणी भरलं?" मी विचारलं.

मुलाने शेजारी बसलेल्या त्याच्या क्वालिटीच्या मॅडमकडे बघितलं. त्यांनी एसीच्या रिमोटकडे.